मुरमाची वाट

इटलीच्या तोस्काना प्रांतात कियांतीच्या द्राक्षमळ्यांतून टेकड्यांवर चढणाऱ्या पांढऱ्या खडीच्या वाटा आहेत. त्या डांबराखाली नाहीशा होऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले गावातून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली.

त्याच प्रांताचा सुपुत्र जिनो बार्ताली. १९३८ व १९४८ साली फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत जिंकणारा हा श्रद्धावान वीर महायुद्धकाळात कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून ज्यू बांधवांसाठी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून नेत असे. पुढे त्याने त्याचा कधी गवगवा केला नाही.

हे वाचताना आम्हांस काटोलकडील संत्र्यांच्या बागांतील मुरमाच्या वाटा आठवल्या. नवदीक्षित असताना आम्ही आजाऱ्यांसाठी ख्रिस्तशरीर घेऊन तेथून सायकलने जात असू. चढावर पायउतार व्हावे लागे. बांधावरून कुणी हाक मारी. पुढे मोटारसायकल आली. वेळ वाचू लागला.

गेल्या पावसाळ्यात एका वृद्धेच्या अंत्यविधीस गेलो. तिचा मुलगा म्हणाला, “फादर, तुमची गाडी दिसली का माय ओट्यावरून हात करे. आज थांबतीन म्हणे.”

हेल्मेटच्या काचेतून आम्हांस तो हात कधी दिसलाच नव्हता.

आता दर शनिवारी आम्ही सायकल काढतो. गुडघे कुरकुरतात, चढावर उतरावेच लागते; पण ओट्यांवरचे हात दिसतात. त्या एका ओट्यापाशी मात्र आम्ही उशिरा पोहोचलो. त्याबद्दल प्रभूपाशी आमची क्षमायाचना अजून चालूच आहे.