धापा टाकणारा सुपरहिरो

तो दमतो हो! सुपरहिरो असून चक्क दमतो, भिंतीला पाठ टेकून धापा टाकतो, आणि आडवा केलेला गुंड पुन्हा उठून बसला की बिचाऱ्याला तेच काम परत करावं लागतं. 'डेअरडेव्हिल' ही नेटफ्लिक्सची 2015 सालची मालिका, म्हणजे तशी जुनीच. केप फडकवत आकाशात उडणाऱ्यांचा मला इतका कंटाळा आला होता की त्या वाटेला जाणंच मी सोडून दिलं होतं. आता मात्र भेटेल त्याला धरून धरून सांगत सुटलेय, आणि घरचे माझ्या नजरेला नजर द्यायचं टाळतायत.

गोष्ट न्यूयॉर्कमधली, मॅनहॅटनच्या हेल्स किचन वस्तीतली. मॅट मर्डॉक लहानपणीच एका अपघातात डोळ्यांत रसायन जाऊन आंधळा झालेला, पण बाकीची इंद्रियं अशी तल्लख की समोरच्याच्या काळजाचे ठोके ऐकून तो खोटं पकडतो. दिवसा वकील, रात्री काळं फडकं डोळ्यांवर बांधून मारामाऱ्या. स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी 1964 मध्ये कॉमिकमध्ये जन्माला घातलेला हा माणूस. चार्ली कॉक्सने तो असा उभा केलाय की बोलताना त्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला स्थिरावते आणि आपण अभिनय बघतोय हेच विसरायला होतं.

पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागाचा शेवट बघा. बाकी काही नाही बघितलंत तरी चालेल, तेवढं बघा! रशियन टोळीने एका लहान मुलाला पळवून डांबलंय. एक अरुंद, कळकट पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. कॅमेरा त्या पॅसेजमध्ये पुढेमागे सरकत राहतो आणि जवळजवळ तीन मिनिटं एकही कट जाणवत नाही. मॅट एका खोलीत घुसतो, आपण बाहेरच. आतून नुसते धडाधड आवाज, मग दारातून एक मायक्रोवेव्ह उडत येतो आणि एका गुंडाला लागतो. मॅटच्या बरगड्या आधीच मोडलेल्या. या भागाच्या सुरुवातीला तर तो कचऱ्याच्या पेटीत अर्धमेला सापडलेला असतो आणि क्लेअर नावाची नर्स त्याला टाके घालते. त्यामुळे इथे प्रत्येक ठोसा जड आहे, पाय फरफटतायत, एक ठोसा तर चुकतोच. शेवटी मुलाला उचलून घेऊन तो चालत बाहेर पडतो. त्याच भागात लहानगा मॅट आपल्या बॉक्सर बापाच्या चेहऱ्यावरची जखम शिवतो, तेही दिसतं. टाके घालणारं पोर मोठं होऊन टाके घालून घेणारा माणूस होतं. कुणी भाषण देत नाही, सुईदोरा सगळं सांगतो.

आणि व्हिलन! विल्सन फिस्क पहिले दोन भाग दिसतच नाही, त्याचं नाव घ्यायलाही लोक टरकतात. मग तिसऱ्या भागाच्या शेवटी दिसतो तो कुठे, तर आर्ट गॅलरीत, एका पांढऱ्याफटक चित्रासमोर, संकोचून उभा. फिस्क झालेला व्हिन्सेंट डोनोफ्रियो हा धिप्पाड माणूस; पण बोलतो अडखळत, शब्द घशातून ओढून काढावेत तसा. त्याला ती गॅलरीवाली व्हनेसा आवडलीय आणि तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाहीये. मला तर दया आली! पुढच्याच भागात त्यांच्या जेवणाच्या वेळी एक रशियन गुंड आगंतुकासारखा येऊन टपकतो. तिच्यासमोर लाज गेली, एवढ्याच कारणावरून फिस्क त्याचं काय करतो ते मी लिहिणार नाही, फक्त त्यात गाडीचं दार आहे एवढं सांगते. आठव्या भागात हाच माणूस सकाळी एकटाच उठतो, ऑम्लेट करतो, कपाटातून काळा सूट काढतो, कफलिंक लावतो आणि आरशात त्याला रक्ताने माखलेलं लहान पोर दिसतं. शेवटाकडे त्याचा सूट आणि कफलिंक व्हनेसा निवडते. एवढाच काय तो बदल, आणि त्यात अख्खं प्रेमप्रकरण सांगून झालं.

मैत्रीचंही तसंच. दहाव्या भागात मॅटचा वकिलीतला जोडीदार फॉगी याला त्याच्या रात्रीच्या उद्योगांचं सगळं कळतं. कॉलेजपासूनचा मित्र तो, पुरता मोडून पडलेला. तो एक बोट नाचवून विचारतो, किती बोटं आहेत सांग. मॅटला ते बरोबर सांगता येतं, आणि तिथेच सगळं फिसकटतं. (बोट कोणतं ते मालिकेतच बघा.)

आता नावडतं. पहिल्या दोन्ही सीझनचे तेरा तेरा भाग हे उगाच ताणलेलं प्रकरण आहे, आठनऊ भागांत काम झालं असतं. वकिलांची मालिका असून पहिल्या सीझनमध्ये कोर्ट औषधापुरतं. काळोख इतका की दुपारी पडदे ओढल्याशिवाय काही दिसत नाही. घरगुती काळ्या कपड्यांत तो जेवढा भीतिदायक वाटतो तेवढा नंतरच्या लाल सूटमध्ये वाटत नाही. दुसरा सीझन जॉन बर्नथॉलने उभ्या केलेल्या पनिशर या पात्रामुळे पहिले चार भाग थरारक चालतो, मग निन्जांची झुंडच्या झुंड उतरते आणि सगळं हातातून निसटतं. त्यात जमिनीत खणलेलं एक प्रचंड भगदाड आहे. आपल्याकडच्या रस्त्यात खणून ठेवलेल्या खड्ड्यासारखं, कशासाठी ते त्या सीझनमध्ये कुणीच सांगत नाही. गुंड वस्तीतला, भाडेकरू वस्तीतले, पोलीस विकले गेलेले, असं असतं तोवर ही मालिका कुणालाही भारी पडेल. अमरत्व, प्राचीन टोळ्या वगैरे सुरू झालं की ती इतर दहा मालिकांसारखी होते.

2018 चा तिसरा सीझन पुन्हा जमिनीवर येतो. तुरुंगातला तो सुमारे अकरा मिनिटांचा सलग प्रसंग, घरच्या आजारपणात कर्जबाजारी झालेला एफबीआयचा रे नदीम, आणि हाताला लागेल ती वस्तू फेकून जीव घेणारा डेक्स. वर्तमानपत्राच्या कचेरीत तो साध्या ऑफिसातल्या वस्तूंनी जे करतो ते बघितल्यापासून मला टेबलावरची कात्रीसुद्धा सरळ वाटत नाही! आणि हे जमून आलेलं असताना महिना-सव्वा महिन्यात नेटफ्लिक्सने मालिका बंद केली. पुढे डिस्नेने 2025 मध्ये 'बॉर्न अगेन' नावाने ती परत आणली.

एक गोष्ट मात्र मला नंतर वाचून कळली. मालिका आली तेव्हा दृश्यांचं वर्णन ऐकवणारा ऑडिओ ट्रॅक तिला नव्हता. आंधळ्या नायकाची गोष्ट आंधळ्यांनाच धड कळत नव्हती! अंध प्रेक्षकांनी आवाज उठवला, आणि प्रदर्शनानंतर चारच दिवसांनी नेटफ्लिक्सने ती सोय जाहीर केली, सुरुवात याच मालिकेपासून.

तर पहिला सीझन पूर्ण बघा, दुसऱ्याचे पहिले चार भाग बघा, मधलं वगळलंत तरी तिसरा कळतो. हेडफोन लावा, मुलांना झोपवून बसा, आणि पहिल्या सीझनचा चौथा भाग कृपा करून जेवताना लावू नका.