शुक्राची सही!

हवाई म्हटलं की बीचच आठवतो ना? मी मात्र जाड जॅकेट चढवून ४,२०५ मीटर उंच मौना केआ गाठला. वाटेत २,८०० मीटरवर अर्धा तास थांबायचं, नाहीतर डोकं गरगरतं. वर हवा विरळ, बाष्प अगदी कमी. म्हणूनच शुक्राकडून येणाऱ्या मिलिमीटर लहरी इथल्या १५ मीटरच्या मॅक्सवेल दुर्बिणीपर्यंत पोचतात. एखादा वायू त्यातल्या ठराविक लहरी शोषतो. तीच त्याची सही. २०१७ मध्ये जेन ग्रीव्ह्‌ज यांच्या टीमला इथे फॉस्फिनची सही दिसली. २०२० मध्ये ते जाहीर झालं आणि प्रश्न उठला, शुक्राच्या ढगांत जीव आहेत? काहींच्या मते ती सही सल्फर डायऑक्साइडची! वाद मिटलेला नाही. आता ऑफिसातून निघताना शुक्र दिसला, की पाय थबकतातच.