कप्पदुकियाची कोरीव देवळे

संत पेत्राने आपले पहिले पत्र ज्या प्रांतांतील श्रद्धावंतांस लिहिले, त्यांत कप्पदुकियाचे नाव आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांतही तेथील रहिवासी होते, असे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. हा प्रांत आज तुर्कस्तानात मोडतो. तेथे प्रवास करीत असता इहलाराच्या दरीतील, खडकात कोरलेली ख्रिस्तमंदिरे पाहण्याचा योग आम्हांस आला.

ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ खडक कापीत मेलेंदिझ नदीने ही सुमारे १४ किलोमीटर लांबीची घळ निर्माण केली आहे. वरची भूमी उघडीबोडकी. पण साडेतीनशेंहून अधिक पायऱ्या उतरून खाली जावे, तो पाण्याचा खळखळाट आणि झाडांची गर्द सावली! दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांत संन्याशांनी आपल्या खोल्या व प्रार्थनामंदिरे खोदली. आपली अजिंठ्याची लेणीही नदीकाठच्या कड्यातच आहेत. त्यामुळे हे दृश्य आम्हांस अगदीच परके वाटले नाही.

पायऱ्या संपताच ‘झाडाखालचे देऊळ’ लागते. त्याच्या घुमटावर स्वर्गारोहण करणारा प्रभू रंगविला आहे, तर भिंतीवर सिंहांच्या मधोमध दानिएल निर्भयपणे उभा आहे. नदीपलीकडील ‘सर्पांच्या देवळात’ अंतिम न्यायाचे चित्र आहे. त्यात पापी स्त्रियांना साप डसत आहेत. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांचे धर्मशिक्षण ह्या भिंतींनीच केले असावे. आज मात्र कित्येक संतांचे डोळे खरवडलेले आहेत आणि पोशाखांवर उपटसुंभांनी आपली नावे कोरली आहेत. वेदीपुढे मेणबत्ती नाही, मिस्साही नाही. मन खिन्न झाले.

परंतु ह्या कथेचा शेवट दरीत होत नाही. जवळच्याच गेल्वेरी गावात थोर धर्मपंडित संत ग्रेगरी नाझियान्झस ह्यांची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १९२३ साली ग्रीस व तुर्कस्तान ह्यांच्यात धर्मानुसार लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि तेथील ख्रिस्ती कुटुंबांस घरदार, शेतीवाडी व पूर्वजांच्या कबरी सोडून जावे लागले. डोंगर काही बरोबर नेता येत नाही. त्यांनी आपल्या संताचे पवित्र अवशेष नेले. ग्रीसमधील काव्हाला शहरानजीक त्यांनी नवे गाव वसविले, त्यास जुन्या गावाचेच नाव देऊन ‘नेआ कार्व्हाली’ म्हटले, आणि संत ग्रेगरींच्या नावाने देऊळ उभारले. तेथे ते अवशेष आजही पूजिले जातात.

वाचकहो, आपलीही मुले शिक्षणासाठी व पोटापाण्यासाठी दूरदूरच्या शहरांत जात आहेत. गावची वेस ओलांडताना ती शिधा नेतात, अंथरूण नेतात. पण रात्रीची जपमाळही नेतात काय? खडकात कोरलेले देऊळदेखील माणसांवाचून ओस पडते. उलट चार कुटुंबे श्रद्धा जपून असली, तर परक्या भूमीवरही देऊळ उभे राहते. हा धडा घेऊन आम्ही त्या पायऱ्या पुन्हा चढलो.