पांढऱ्या तुरीचं साल

केजजवळच्या माझ्या डाळमिलीत सात वर्षं नऊ बायका डाळ निवडायला यायच्या. त्यांच्या कामाला मी ‘बसून काम’ म्हणायचो. डोळे असले की झालं, त्यात शिकायचं काय, असं मला मनापासून वाटायचं.

म्हणून सॉर्टेक्स घेतलं तेव्हा काही टोचलं नाही. सॉर्टेक्स हे मुळात लंडनच्या एका कंपनीचं नाव. आपल्याकडे ते यंत्राचंच नाव झालं. डाळ पन्हळीवरून घसरते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि रंग वेगळा दिसला की हवेचा झोत तो दाणा उडवून लावतो. दसऱ्याच्या आधी मी नऊ जणींना ‘आता गरज नाही’ म्हणून सांगितलं. चौघींच्या घरांनी मुकादमाची उचल घेतली आणि त्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेल्या. मिलीतल्या कामामुळेच त्या इतकी वर्षं गावात राहू शकल्या होत्या. हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते मनात येऊ दिलं नाही.

लाल तुरीची डाळ यंत्रातून झकास निघाली. मग बीडीएन 711 आली. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं हे पांढऱ्या तुरीचं वाण. तिची डाळ व्यापाऱ्याने परत पाठवली, दाण्यांवर साल राहिलंय म्हणून. मेकॅनिकने दोनदा सेटिंग बदललं, फरक पडला नाही.

त्याच दुपारी निवडणाऱ्यांतल्या सर्वांत जुन्या मावशी हिशेबाचे राहिलेले पैसे मागायला आल्या. तेही मी थकवले होते. परत आलेलं पोतं बघून त्यांनी मूठभर डाळ घेतली, दाराशी गेल्या आणि तळहात डोळ्यांसमोर धरून जरासा तिरपा केला. मग अंगठ्याने चाचपत एकेक दाणा वेगळा काढू लागल्या.

“लाल तुरीचं साल रंगावर कळतं, मालक. पांढरीचं कळत नाही. डाळ चमकती, साल चमकत नाही. उजेड आडवा घ्यावा लागतो.”

मीही मूठभर डाळ घेतली. सरळ बघितली तर सगळी सारखीच पिवळी. हात तिरपा केला आणि मधले मधले दाणे विझल्यासारखे दिसले.

तिथेच मला आठवलं. पांढरी तूर आली की या बायका दाराकडे सरकून बसायच्या. वाऱ्याला बसतात, गप्पा मारतात, असं समजून मी कितीदा त्यांना ओरडून आत बसवलं होतं! सात वर्षं त्या माझा माल सांभाळत होत्या आणि मी त्यांचा उजेड काढून घेत होतो. एकदाही विचारलं नाही, का सरकता म्हणून.

मावशींनी दोन तास बसून चांगल्या आणि सालवाल्या डाळीचे दोन ढीग केले. त्या नमुन्यांवर मेकॅनिकने यंत्र पुन्हा लावलं. बरंच साल निघालं, सगळं नाही. मेकॅनिकचं बिल मी संध्याकाळीच दिलं. मावशींना जुने पैसे दिले, वर चहा दिला. त्या दोन तासांचे काही द्यायचे असतात, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

आता मावशी यंत्रापाशी असतात, ऑपरेटरच्या पगारावर. झोताबरोबर चांगली डाळही उडते, ती परत निवडतात. दाराशी बसून.

ऊसतोडीच्या चौघी पाडव्याच्या सुमारास परतल्या. मी दोघींना निरोप धाडला. एक आली. दुसरीच्या घरावर उचलीची बाकी निघाली होती. पुढच्या हंगामालाही तिला जावं लागणार होतं.