बंगालची पाहुणी

मेंढीविषयी आपली भाषा फारसे बरे बोलत नाही. गाय माता झाली, बैलाला वर्षातून एक दिवस पुरणपोळी मिळते. मेंढीच्या वाट्याला ‘मेंढरासारखे मागे मागे जातात’ एवढाच शेरा. आमच्या शाळेत तो सहसा कोणी मारीत नाही. समोर बसलेली निम्मी पोरे धनगरांची असतात!

आमचे गाव फलटण तालुक्याच्या कोरड्या अंगाला. इथली मेंढी दख्खनी. रंगाने बहुधा काळी, लोकर राठ, पाय काटक. दिवाळी उरकली की वाडा कोकणाकडे चालू लागतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. तेवढी चाल, वाटेतले काटेकुटे, उपासमार, सारे ती मुकाट सोसते. मात्र वेताला कोकरू एकच. एखाद्या वर्षी दहा कोकरे दगावली की त्या घरची मुले शाळेत दिसेनाशी होतात. हजेरीपट मांडताना मेंढीचे वेत मला असे कळते.

आता पाहुणीची ओळख करून देतो. सुंदरबनच्या दलदलीत गॅरोल नावाची मेंढी आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. पुरी वाढलेली मादी 10 ते 14 किलोंची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत ती आणली तेव्हा आमच्या शेजारचे तात्या मुद्दाम पाहायला गेले होते. अजून सांगतात, “मास्तर, मला वाटलं, ससाच बांधलाय दाव्याला!” पण हा ससा एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देतो.

ह्या बुटकीचा प्रवासही ऐकण्याजोगा आहे. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजातून सिडनीला गेल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या बुरूला नावाच्या मेंढवाड्यातील मेरिनो मेंढ्या भरमसाट जुळी-तिळी देऊ लागल्या. हे कुठून आले, याचा लोक पुष्कळ काळ विचार करीत होते. 2001 साली त्यामागचा जनुकातला बदल सापडला, आणि तोच बदल गॅरोलमध्येही निघाला. बहुधा त्या जहाजातूनच तो तिकडे गेला असावा. सातासमुद्रापलीकडे वाखाणलेले धन बंगालच्या चिखलात चरत होते आणि कोणी तिला जत्रेत मिरवले नव्हते.

बनबिहारी निंबकरांनी 1968 साली स्थापलेल्या ह्या संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांनी ते काम पुढे नेले. (इरावतीबाई कर्व्यांची ही नात, आजीने माणसांचे गोत्र शोधले, नातीने मेंढ्यांचे.) माझे शास्त्र मॅट्रिकपुरते, तेव्हा तात्यांना सांगितले त्याच शब्दांत सांगतो. प्रत्येक गुणाची शिदोरी कोकराला दोघांकडून मिळते, एक आईची, एक बापाची. हा गुण एकाच बाजूने आला तरी मेंढी बहुतेकदा जुळी देते. दोन्हीकडून आला तर तिळी वाढतात, आणि ती जगवणे जड जाते. म्हणून आधी बंगाली आणि दख्खनी यांचा संकर करायचा, मग पिढ्यान् पिढ्या इकडचेच रक्त घालत जायचे, पण दर पिढीत गुण असलेलीच कोकरे निवडायची. शेवटी मेंढी अंगाने इथली राहते, कुशीने तिथली होते. तिला ‘नारी सुवर्णा’ असे नाव मिळाले. एकाच बाजूचा गुण असलेला मेंढा कळपात सोडला, तर त्याच्या साधारण निम्म्या लेकींत गुण उतरतो. कोणत्या, ते डोळ्यांना दिसत नाही. रक्ताचा थेंब तपासावा लागतो.

तात्यांना हे पटले. त्यांच्या सुनेला मात्र पटेना.

“दोन कोकरं हुत्याली, पर दूध कुठनं आणायचं? मेंढीला पुरंना झालं तर बाटली धरून रातभर मीच बसायचं न्हवं?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. वाड्यावर कोकरांचे सारे बायकांकडे असते. गाभण मेंढीला चार दाणे जादा घालावे लागतात, दुभती शेळी जवळ ठेवावी लागते. जुळ्यांचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. चालत्या वाड्यावर तो अंगावर येतो. तरी पहिल्या वर्षी तिने दोन्ही कोकरे जगवली, आणि मग मेंढ्याविषयी तीच बोलू लागली.

दुसरी एक गोष्ट मला खुपते. आज सगळ्यांची नजर माडग्याळ मेंढ्यावर. जत तालुक्यातला तो उंच, बाकदार नाकाचा मेंढा खरोखरच देखणा. लाखांचे भाव होतात. मांस जास्त, म्हणून जो तो त्याचेच रक्त कळपात घालतो. घोंगडीला गिऱ्हाईक नाही, कातरणीची मजुरी लोकरीतून निघत नाही, तेव्हा काळी दख्खनी हळूहळू पातळ होते आहे. धनगराला दोष कसा द्यावा? पोट त्याचे. पण हिच्या कुशीत, हिच्या खुरांत काय दडले आहे ते अजून कोणी पुरते धुंडाळलेले नाही.

तात्यांनी मात्र अट घातली: मेंढा जुळ्यांचा चालेल, पण काळाच पाहिजे. सुनेने ह्या वेळी सात माद्या विकायच्या राखून ठेवल्या आहेत. त्यांचे रक्त तपासायला गेले आहे. पाडव्याला मेंढरांना गुलाल लागेल, मग वाडा निघेल. घोड्यावरच्या जाळीत कोकरांना जागा थोडी असते. निकाल त्याआधी यावा, म्हणून ती रोज मला पोस्टमनविषयी विचारते.