मागून येणाऱ्याला आपण दिसतो का?

सायकल हा आपल्या वस्त्यांमध्ये अजून छंदाचा विषय झालेला नाही. सुखवस्तू मंडळी हल्ली पहाटे व्यायामासाठी महागड्या सायकली चालवितात आणि त्यांच्या हेल्मेटवरसुद्धा दिवा लुकलुकत असतो. आमच्या नागपुरात हिंगणा एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून रात्री अकरा-साडेअकराला घरी निघालेला कामगार मात्र काळोखात सायकल हाकीत असतो. ज्याला दिव्याची खरी गरज, त्याच्याच सायकलीला दिवा नाही.

वडीलधाऱ्यांना डायनामो आठवत असेल. टायरला घासणारी ती बाटली लावली की पायडल जड होई आणि चौकात थांबले की दिवा विझे. दिवा नसला तर पोलीस चाकाची हवा सोडत, म्हणून लोक तो लावीत. तो दिवाही पुढचाच. आमचे म्हणणे मागच्या बाजूबद्दल आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विहारातील एका उपासकांना पाळीवरून परतताना मागून आलेल्या मालगाडीने, म्हणजे छोट्या टेम्पोने, उडविले. जिवावरचे पायावर निभावले. पण ते कंत्राटी कामगार, पाच महिने घरी बसले आणि पाच महिन्यांचा पगार बुडाला. मुलगी बारावीला होती, तिच्या शिकवणीची फी मंडळाने वर्गणी काढून भरली. ड्रायव्हर पळाला नाही, त्यानेच त्यांना दवाखान्यात आणले. "भाऊ, माणूस दिसलाच नाही हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आमची पोरे त्याच्या अंगावर धावून गेली. खाटेवर पडलेल्या उपासकांचा प्रश्न वेगळाच होता : "मी तर पांढरा सदरा घातला होता, मग दिसलो कसा नाही?"

हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. पांढरा रंग आपल्या ओळखीचा, वंदनेला आपण पांढरेच नेसतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पांढरे कापड प्रकाश चहूकडे फेकते, ड्रायव्हरच्या डोळ्यापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. रिफ्लेक्टरच्या आत काटकोनात बसविलेले बारीक बारीक आरसे असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवितात. म्हणून तो ड्रायव्हरला लखलखीत दिसतो आणि फूटपाथवर उभ्या माणसाला मंद.

ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बंद रस्त्यावर रात्री चालकांना गाडी चालवायला लावून सायकलस्वार ओळखू येतो का ते पाहिले. काळ्या कपड्यांत तो १०० पैकी २ वेळा ओळखू आला, भडक फ्लोरोसंट जाकिटात १५ वेळा, चमकपट्टीच्या जाकिटात ५० वेळा आणि त्याच्या जोडीला घोट्यांना व गुडघ्यांना पट्ट्या बांधल्यावर ९० वेळा! फ्लोरोसंट रंग उन्हावर खुलतो, रात्री तो निकामी. आणि वरखाली होणारे पाय दिसले की हा खांब नव्हे, माणूस आहे, हे डोक्याला तत्काळ कळते. पायडलला पिवळे रिफ्लेक्टर देतात ते याचसाठी.

केंद्र सरकारने २०२० साली सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला. पण आपल्याकडची सायकल बहुधा दुसऱ्या हाताची. तिचा मागचा लाल तुकडा कधीच गळून पडलेला, असलाच तर कॅरिअरला लटकविलेल्या डब्याच्या पिशवीआड दडलेला.

गेल्या १४ एप्रिलला युवक मंडळाने विहाराबाहेर टेबल मांडले. बाजारात ज्याला 'रेडियम' म्हणतात ती पट्टी आणली. साधी चमकी नव्हे, ट्रकच्या मागे लावतात तशी, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली. मागच्या मडगार्डला लाल, दोन्ही पायडलांना पिवळी, आणि घोट्याला बांधायला कापडावर शिवलेली. शिवणकाम महिला मंडळाच्या ताईंनी केले. (डीजेच्या पैशातून हा खर्च केला म्हणून काही पोरे अजून रुसलेली आहेत. रुसू देत.) पारख सोपी आहे : अंधारात टॉर्च आपल्या कानाजवळ धरून गल्लीच्या टोकाच्या सायकलीवर मारावा. पट्टी पेटल्यासारखी दिसली पाहिजे. धूळ आणि तेल बसले की ती मंदावते, ओल्या फडक्याने पुसावी. मात्र आडव्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा उजेड तिच्यावर पडतच नाही, म्हणून मागे सेलवरचा लाल दिवाही हवा.

बैठकीत एक मावशी कडाडल्या, "मरायचं आपण आन् पट्टीही आपणच लावायची?" मावशींचे खरे आहे. त्या रस्त्यावरचे खांब उभे आहेत, दिवे बंद आहेत. पट्टी लावली म्हणून दिव्यांची मागणी आम्ही सोडलेली नाही. दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच फाईलला लावली. तिसऱ्या अर्जाबरोबर बंद खांबांची यादी जोडायची आहे. पाळी सुटल्यावर खांब मोजायला येणाऱ्यांनी रविवारी वंदनेनंतर नाव द्यावे.