चोवीस रेघा

जपानी भाषेच्या परीक्षेत एकही अक्षर हातानं लिहावं लागत नाही. जेएलपीटी नावाची ही परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात होते. दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा, गोल काळा करायचा. परदेशी कामगारांसाठी भाषेची जी दुसरी परीक्षा आहे, ती तर संगणकावरच होते. मग चिखलीतली माझी भाची रोज इशाच्या नमाजनंतर तासभर मोबाईलवर बोटानं कान्जी का गिरवते, हे घरात सगळ्यांनी विचारून झालं आहे. आपाच्या मनातला प्रश्न निराळा आहे. मुलीला एवढ्या लांब पाठवायचं का? पण तो ती सरळ विचारत नाही, कान्जीच्या आडून विचारते.

भाचीनं बुलढाण्यात नर्सिंग केलं. बारा तासांच्या ड्यूटीला आपल्याकडे हातात काय पडतं, ते नर्सच्या घरच्यांना सांगायला नको. जपाननं एप्रिल २०१९ मध्ये कुशल परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, वृद्धांची शुश्रूषा हे त्यातलं एक काम. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. तेव्हापासून आपल्या पोरींच्या बोलण्यात दुबईसोबत ओसाका येऊ लागलं.

जपानीत रोजच्या वापराच्या कान्जी २१३६. प्राथमिक शाळेतच मुलं १०२६ शिकतात. भाचीच्या ॲपमध्ये अक्षर फिकट दिसतं, त्यावर बोट फिरवायचं. रेघ कुठून सुरू झाली, कुठल्या दिशेनं गेली, कितवी आली, एवढंच ते ताडून पाहतं. अशा अनेक ॲप्सच्या पोटात कान्जीव्हीजी हा मुक्त संग्रह असतो. उलरिच आपेल यांनी सुरू केलेल्या या कामात प्रत्येक कान्जीची प्रत्येक रेघ क्रमानं नोंदवलेली आहे. क्रम बरोबर असेल तर वेडंवाकडं अक्षरही पास होतं. क्रम चुकला की सुंदर अक्षरही लाल.

भाचीच्या आडव्या रेघा सुरुवातीला सगळ्या लाल यायच्या. सातवीपर्यंत उर्दू माध्यम, हात उजवीकडून डावीकडे ओढायला शिकलेला. कान्जीची आडवी रेघ डावीकडून निघते. मराठीतही डावीकडूनच लिहितो, पण ‘आता चित्र काढायचंय’ असं वाटलं की तिचा हात उर्दूच्या वाटेनं जायचा. ॲपला हे कुठून कळणार! त्याला फक्त रेघ उलटी आल्याचं दिसतं.

तिला सर्वांत जास्त छळलं ‘उजवा’ आणि ‘डावा’ या दोन अक्षरांनी. दोन्हींच्या माथ्यावर अगदी सारखी फुली, एक आडवी रेघ आणि एक तिरपी. पण ‘उजवा’ लिहिताना तिरपी आधी, ‘डावा’ लिहिताना आडवी आधी. “मामू, दिसतं सारखंच, मग काय फरक पडतो?” मूळ चित्रलिपीत हे उजव्या आणि डाव्या हाताचं चित्र होतं, एकमेकांच्या आरशातलं. पुढं चित्रं सारखी झाली, क्रमात मात्र फरक राहिला.

मला वाटतं, क्रमाचा खरा उपयोग लिहिण्यात नाही, दुसऱ्याचं घाईचं अक्षर वाचण्यात आहे. आपल्याकडच्या जुन्या कागदांवरची मोडी किंवा फारसीतली शिकस्ता वाचणाऱ्याला विचारा. कलम कुठून कुठं गेली असेल हे ज्याला माहीत, त्यालाच ते जोडलेलं अक्षर सुटं करता येतं. जपानी माणूसही घाईत रेघा जोडूनच लिहितो. ‘तोंड’ या अक्षराचा चौकोन चार नाही, तीन रेघांचा. वरची आणि उजवी बाजू एकाच वळणात येते. पुढं त्या कोपऱ्याचा नुसता बाक होतो. म्हाताऱ्या आजीच्या लेकीनं दारावर चिकटवलेली चिठ्ठी छापील अक्षरात नसणार. परीक्षा पास झालेली नर्स तिथं अडेल, आणि तीत औषधाची वेळ बदललेली असेल तर आजीचं काय?

काचेवर मात्र हात तयार होत नाही, हे माझं मत ठाम आहे. माझ्या अब्बांच्या काळात मुलतानी माती फासलेली तख्ती असायची आणि बोरूची कलम. कत नीट तिरपा कापला नसेल तर अक्षर तिथंच दगा द्यायचं, उस्तादांनी सांगायची गरज नसायची. कान्जीतही रेघ कुठं थांबवायची, कुठं आकडा मारायचा, कुठं झाडूसारखी सोडून द्यायची, याला वेगळी नावं आहेत: तोमे, हाने, हाराई. भाचीच्या ॲपमध्ये ही तिन्ही सारखीच. म्हणून मी तिला पहिलीच्या पोरांची गणिताची चौकटीची वही आणि मऊ पेन्सिल आणून दिली. ॲपनं क्रम शिकवावा, वहीनं हात.

परवा तिनं त्या वहीत तिच्या कामाचं नाव लिहिलं: काइगो, म्हणजे शुश्रूषा. पहिलं अक्षर चार रेघांचं, दुसरं वीस. त्या विसांत डावीकडे ‘बोलणं’, उजवीकडे वर गवत, मध्ये आखूड शेपटीचा पक्षी आणि अगदी खाली, शेवटच्या दोन रेघांत, हात. आपानं वही उलटून पाहिली. “ये क्या निकालती रहती तू?” भाचीनं पेन्सिलीच्या टोकानं पक्षी दाखवला, त्याखालचा हात दाखवला. आपा बराच वेळ पाहत राहिली. डिसेंबरच्या परीक्षेला पुण्याला जायचं आहे. सोबत कोण जाणार हे अजून ठरलं नव्हतं. आता आपा म्हणते, मी येते.